फोनवर आपोआप जाहिराती येतायत, ॲप काढलं तरी परत येतंय? या क्रमाने तपासा

घरातल्यांचे, मित्रांचे, मित्रांच्या ओळखीतल्यांचे असे बरेच फोन मी आतापर्यंत साफ करून दिलेत आणि तक्रार जवळजवळ प्रत्येकाची तीच असते, "मध्येच जाहिरात येते, ते ॲप काढून टाकलं, दोन दिवस बरं होतं, परत सुरू झालं." दर वेळी फोनवरून तेच तेच सांगावं लागतं म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. मुख्यतः अँड्रॉइडसाठी आहे, आयफोनचं खाली थोडक्यात आहे. मेनूची नावं कंपनीप्रमाणे थोडीफार बदलतात, सापडलं नाही तर सेटिंग्जमध्ये वर सर्च असतो त्यात नाव टाकायचं.

लक्षणं

यातलं काय काय होतंय ते आधी बघा:

- कुठलंच ॲप उघडं नसताना होम स्क्रीनवर किंवा लॉक उघडल्या उघडल्या फुल स्क्रीन जाहिरात येते
- ब्राउझर आपोआप उघडतो आणि बक्षीस लागलं, फोन स्लो झालाय असलं काहीतरी पान दिसतं
- "तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडले, लगेच साफ करा" अशी नोटिफिकेशन सारखी येत राहतात
- तुम्ही न टाकलेली ॲप्स दिसायला लागतात, काढली तरी परत येतात
- अनइन्स्टॉलचं बटण फिकट असतं, दाबलं तरी काही होत नाही
- सेटिंग्जमधलं एखादं ठरावीक पान उघडलं की आपोआप बंद होतं
- प्ले प्रोटेक्ट (प्ले स्टोअरमधली ॲप्स तपासायची सोय) बंद झालेलं दिसतं आणि ते तुम्ही बंद केलेलं नसतं
- तुमच्या नंबरवरून ओळखीच्यांना लिंक असलेले मेसेज गेलेत
- ओटीपीचा मेसेज आल्याचा आवाज होतो पण इनबॉक्समध्ये काही दिसत नाही
- न घेतलेल्या कुठल्यातरी सर्व्हिसचे पैसे मोबाइलच्या बिलातून कापले जातात

नुसता फोन गरम होणं, बॅटरी लवकर उतरणं, फोन हळू चालणं याच्यावरून मालवेअर (त्रास द्यायला, चोरी करायला बनवलेलं ॲप) आहे असं धरू नका. जुनी बॅटरी, भरलेलं स्टोरेज याने पण तेच होतं. फुकटच्या गेमच्या आत जाहिरात येणं हे पण त्यात धरत नाही, तो त्यांचा धंदाच आहे. बाहेर, म्हणजे ते ॲप बंद असताना जाहिरात आली तर मात्र गडबड आहे.

पैशाशी संबंधित काही दिसत असेल तर इथेच थांबा

ओटीपी गायब होतायत, खात्यातून पैसे गेलेत, बँकेचं ॲप उघडलं की त्याच्यावर दुसरीच स्क्रीन येतेय, यातलं एक जरी असेल तरी खालचं सगळं नंतर. आधी एअरप्लेन मोड चालू करा, वायफाय वेगळं बंद झालंय ना ते बघा (काही फोनमध्ये एअरप्लेन मोडमध्ये पण वायफाय चालू राहतं), आणि दुसऱ्या कुणाच्या फोनवरून बँकेला कळवा. नंबर कार्डाच्या मागे छापलेला असतो तोच लावा, नेटवर सर्च करून मिळालेला नको, कारण कस्टमर केअरचे खोटे नंबर टाकून ठेवणारे पण असतात. नेट बंद केल्यावर पलीकडे बसलेल्या माणसाला तुमची स्क्रीन दिसत नाही आणि त्याला फोनवर काही दाबताही येत नाही, म्हणून हे पहिलं. पैसे गेले असतील तर ॲप लगेच काढू पण नका, पोलिसांकडे तक्रार करताना ते फोनमध्ये असलेलं उपयोगी पडतं, दुसऱ्या फोनने त्या ॲपच्या पानाचे फोटो काढून ठेवा.

हे नसेल, नुसत्या जाहिराती आणि परत परत येणारी ॲप्स एवढंच असेल, तर पुढे चला.

१. जाहिरात दाखवतंय कोण ते पकडा

याला दोन मिनिटं लागतात आणि लोक नेमकं हेच करत नाहीत. जाहिरात आली की घाईघाईने फुली शोधतात. फुली दाबू नका, जाहिरात स्क्रीनवर असतानाच रीसेंट ॲप्स उघडा, म्हणजे चौकोनाचं बटण किंवा खालून वर ओढून धरायचं. उघड्या ॲप्सची कार्डं दिसतात त्यात जाहिरातीच्या कार्डावर छोटा आयकॉन असतो, तो ज्याचा तो आपला चोर. आयकॉन दाबून ॲप इन्फो उघडता येतं. नोटिफिकेशन असेल तर त्याच्यावर बोट दाबून धरा, कुठल्या ॲपचं आहे ते लगेच समजतं.

इथे बहुतेक वेळा निघतं काय, तर ब्राउझर. "व्हायरस सापडले" वाली नोटिफिकेशन तर जवळजवळ नेहमी ब्राउझरचीच असतात. कधीतरी कुठल्या साइटवर "पुढे जायला अलाऊ दाबा" असं आलेलं असतं, आपण दाबतो, आणि ती साइट तेव्हापासून नोटिफिकेशन पाठवत बसते. फोनमध्ये व्हायरस वगैरे काही नसतो. क्रोममध्ये सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जा, अलाऊ केलेल्या साइट्सची यादी असते, अनोळखी सगळ्या ब्लॉक करा. कित्येकांचा त्रास इथेच संपतो. नाहीतर लोक हे न बघता फोन रीसेट करतात (म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करतात), मग तेच अकाउंट टाकतात, परत त्याच साइटवर जातात, परत अलाऊ दाबतात.

ते नोटिफिकेशन दाबून "क्लीनर" टाकलं असेल तर मात्र प्रकरण पुढे गेलं, खालचं सगळं करा.

कार्डावर आयकॉन कोरा असेल, नाव नसेल, किंवा जाहिरात रीसेंटमध्ये दिसतच नसेल तर ॲप मुद्दाम लपलंय.

२. प्ले प्रोटेक्ट

प्ले स्टोअर उघडा, कोपऱ्यातला तुमचा फोटो दाबा, प्ले प्रोटेक्ट, स्कॅन. बंद असेल तर गिअरच्या चिन्हात जाऊन चालू करा. फुकट आहे आणि फोनमध्ये आधीपासून असतं, आणि प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेली ॲप्स पण ते तपासतं. तुम्ही बंद केलेलं नसताना ते बंद दिसणं ही मोठी खूण आहे, कारण बाहेरून एपीके (ॲप इन्स्टॉल करायची फाइल) टाकायला लावणारे आधी हेच बंद करायला सांगतात. "सुरक्षेसाठी प्ले प्रोटेक्ट बंद करा" असं जे कोणी सांगेल त्याचं ॲप टाकायचं नाही, मग ते ॲप कशाचंही असो.

स्कॅनमध्ये काही सापडलं तर काढा आणि तरी पुढच्या पायऱ्या करा. काही सापडलं नाही म्हणजे फोन साफ असं समजू नका.

वेगळं अँटीव्हायरस टाकू का असं सगळे विचारतात. नावाजलेल्या कंपनीचं, प्ले स्टोअरवरून, एकच टाकायला हरकत नाही. पण नाव न ऐकलेली टाकू नका. २०१९ मध्ये एव्ही-कम्पॅरेटिव्हज या चाचणी करणाऱ्या संस्थेने अँड्रॉइडची २५० अँटीव्हायरस ॲप्स तपासली होती आणि त्यात फक्त ८० ॲप्सना ३० टक्क्यांहून जास्त मालवेअर ओळखता आलं. बाकीची नुसती हिरवी बरोबरची खूण दाखवायला होती. आणि क्लीनर, बूस्टर, बॅटरी डॉक्टर हे तर मी फोन हातात आला की पहिले काढतो.

३. ॲप्सची यादी, पूर्ण

होम स्क्रीन बघून काही कळत नाही, सेटिंग्ज, ॲप्स, ऑल ॲप्स असं जा आणि वरपासून खालपर्यंत सावकाश सरकवा.

माझ्या मावशीच्या फोनमध्ये हे असं सापडलं. यादी सरकवताना मध्येच एक रिकामी ओळ. वरच्या ॲपचं नाव, मग नुसती पांढरी जागा, मग खालच्या ॲपचं नाव. आधी मला वाटलं यादी नीट लोड झाली नसेल. त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं तर ॲप इन्फो उघडलं, आयकॉन पारदर्शक, नावाच्या जागी नुसती स्पेस. कुठल्यातरी मेसेजमधल्या लिंकवरून व्हिडिओ प्लेअर म्हणून टाकलेलं ते, आयकॉन दिसत नाही म्हणून ते टाकलंच गेलं नाही असं तिला वाटलं होतं.

तर यादीत बघायचं ते हे: कोरी जागा, नुसतं "अपडेट", "सिस्टिम सर्व्हिस" असलं मोघम नाव, एकाच नावाची दोन ॲप्स (दोन सेटिंग्ज, दोन क्रोम). संशय आला तर ॲप इन्फोच्या तळाशी जा, ते कुठून इन्स्टॉल झालं ते तिथे लिहिलेलं असतं. प्ले स्टोअर लिहिलं नसेल आणि फोनच्या कंपनीच्या स्टोअरचं पण नाव नसेल तर प्रश्न विचारायला हवा की हे आलं कुठून. बॅटरी आणि डेटा वापराच्या याद्या पण बघून घ्या, टॉर्चच्या ॲपने रात्रभर डेटा वापरला असेल तर त्याला टॉर्च म्हणायचं कारण नाही.

आणि जुनं ॲप आहे, वर्षानुवर्षं वापरतोय, म्हणून सोडून देऊ नका. बारकोड स्कॅनर नावाचं एक ॲप प्ले स्टोअरवर एक कोटीहून जास्त लोकांनी घेतलेलं होतं, चांगलं चालायचं, आणि डिसेंबर २०२० च्या सुमाराला एक अपडेट आला तेव्हापासून ते लोकांच्या ब्राउझरमध्ये आपोआप जाहिराती उघडायला लागलं. लोक नवीन टाकलेली ॲप्स शोधत बसले आणि हे जुनं कुणाला दिसेना. मालवेअरबाइट्स या सिक्युरिटी कंपनीने २०२१ च्या फेब्रुवारीत ते उघड केलं. म्हणून प्ले स्टोअरच्या मॅनेज ॲप्समध्ये जाऊन नुकती अपडेट झालेली कुठली ते पण बघायचं, आणि त्रास कधीपासून सुरू झाला ती तारीख आठवून जुळवायची.

४. परवानग्या: खरी गोम इथे आहे

ॲप काढलं तरी परत येतं याचं कारण जवळजवळ नेहमी हेच असतं, आपण दिसलेलं ॲप काढतो पण त्याला आणणारं दुसरं ॲप आणि त्याला दिलेल्या परवानग्या तशाच राहतात. सेटिंग्जमध्ये ॲप्स, स्पेशल ॲप ॲक्सेस असं एक पान असतं, तिथे जा. एकेक करून सांगतो.

पहिलं इन्स्टॉल अननोन ॲप्स. अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, ही परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते. यादीत ब्राउझर, फाइल मॅनेजर, चॅटची ॲप्स, फाइल पाठवायची ॲप्स दिसतील. सगळी बंद करा. आज लागत नाही ती परवानगी आज बंद. एखादं अनोळखी ॲप इथे चालू दिसलं तर परत परत येणारी ॲप्स तेच आणतंय असं धरायला हरकत नाही. मावशीच्या फोनमध्ये ती कोरी ओळ काढल्यावर तीन दिवसांनी परत आली होती, आणि आणणारं निघालं एक फाइल मॅनेजर, त्याला इथे परवानगी होती आणि ते दर थोड्या दिवसांनी "प्लेअर अपडेट करा" म्हणून विचारायचं. ती प्रामाणिकपणे अपडेट करायची.

दुसरं डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स, काही फोनमध्ये याला अपिअर ऑन टॉप म्हणतात. दुसऱ्या ॲपच्या वर काहीतरी दाखवायची ही परवानगी. होम स्क्रीनवर जाहिरात टाकायला बहुतेक वेळा हीच वापरतात, आणि बँकेच्या ॲपवर खोटी लॉगिनची स्क्रीन चिकटवायला पण हीच वापरतात. चॅट बबल, कॉल दाखवणारं ॲप यांना लागते, वॉलपेपरला, कॅल्क्युलेटरला, क्यूआर स्कॅनरला लागत नाही. नको त्यांची काढून घ्या.

तिसरं ॲक्सेसिबिलिटी, हे सेटिंग्जमध्ये वेगळं पान असतं, आणि याच्याकडे नीट लक्ष द्या. ही सोय ज्यांना दिसत नाही किंवा हात नीट चालत नाहीत अशांसाठी केलेली आहे, म्हणून ती मिळालेल्या ॲपला स्क्रीनवर लिहिलेलं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणं दाबता येतात. चांगल्या ॲपच्या हातात हा मोठा आधार आहे. वाईट ॲपच्या हातात गेला की ते तुमचा पासवर्ड टाइप होताना वाचतं, स्वतःला बाकीच्या परवानग्या स्वतःच अलाऊ करून घेतं, आणि तुम्ही त्याला काढायला गेलात की बॅकचं बटण दाबून तुम्हाला बाहेर काढतं. सेटिंग्जचं पान आपोआप बंद होतं ते याच्यामुळे. मी हे डोळ्यांनी बघितलंय, टॉगलवर, म्हणजे चालू-बंदच्या बटणावर, बोट टेकलं की पान झटकन मिटायचं आणि होम स्क्रीन, परत गेलं की परत तेच, जणू पलीकडून कोणी हात झटकतंय. असं झालं तर भांडत बसू नका, पाचवी पायरी त्याच्यासाठी आहे.

२०२१ मध्ये फ्लूबॉट म्हणून एक मालवेअर बऱ्याच देशांत पसरलं होतं ते याच रस्त्याने. तुमचं पार्सल येतंय, ट्रॅक करायला हे ॲप टाका असा मेसेज, ॲप टाकलं की ते ॲक्सेसिबिलिटी मागायचं, मिळाली की बँकेचे लॉगिन चोरायचं आणि तुमच्या कॉन्टॅक्टमधल्या लोकांना तोच मेसेज पाठवायचं. ओळखीच्या नंबरवरून आल्यामुळे लोक उघडायचे. ते शेवटी बंद पाडलं गेल्याचं युरोपोल या युरोपातल्या पोलिसांच्या संस्थेने २०२२ च्या जूनमध्ये जाहीर केलं, पण ती पद्धत आहे तशी चालू आहे, पार्सलच्या जागी दुसरं काहीतरी येतं एवढंच.

अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ही परवानगी द्यायला गेलं तर "रिस्ट्रिक्टेड सेटिंग" असं येतं आणि टॉगल फिकट राहतो. तो अडथळा मुद्दाम आहे. ॲप इन्फोच्या तीन टिंबांत जाऊन "अलाऊ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज" करा असं फोनवरून कोणी पायरी पायरीने सांगत असेल तर फोन ठेवून द्या, तो माणूस मदतीसाठी बोलत नाहीये.

चौथं डिव्हाइस ॲडमिन ॲप्स, हे सिक्युरिटीमध्ये असतं. इथे नाव असलं की अनइन्स्टॉलचं बटण फिकट होतं, आधी इथून डीॲक्टिव्हेट करायचं मग ॲप निघतं. हरवलेला फोन शोधायचं गूगलचं ॲप, ऑफिसचं मेल असं काही असेल ते ठीक, वॉलपेपरच्या ॲपला इथे काही काम नाही.

नोटिफिकेशन ॲक्सेस पण बघा, ते ज्याच्याकडे आहे त्याला येणारे ओटीपी वाचता येतात. आणि डीफॉल्ट एसएमएस ॲप तुमचं नेहमीचंच आहे ना तेवढं एकदा.

५. सेफ मोडमध्ये काढा

पॉवरचा मेनू आणा, पॉवर ऑफच्या पर्यायावर बोट दाबून धरा, सेफ मोडमध्ये रीस्टार्ट करू का विचारेल, हो म्हणा. खाली कोपऱ्यात सेफ मोड लिहिलेलं दिसतं. यात फोनबरोबर आलेली ॲप्स तेवढी चालतात, तुम्ही टाकलेलं एकही चालत नाही, म्हणून चोर ॲप झोपलेलं असतं आणि हात झटकत नाही.

याचा दुसरा उपयोग निदानाचा. सेफ मोडमध्ये दहा-पंधरा मिनिटं फोन वापरा. जाहिराती थांबल्या तर त्रास टाकलेल्या ॲपचा आहे आणि तो निघणार. सेफ मोडमध्ये पण येतायत तर एक तर ब्राउझरचं नोटिफिकेशन आहे (पहिली पायरी परत), नाहीतर फोनच्या सिस्टिममध्येच काहीतरी बसलंय, ते शेवटी सांगतो.

सेफ मोडमध्ये क्रम असा ठेवा: आधी इन्स्टॉल अननोन ॲप्स सगळं बंद, मग ॲक्सेसिबिलिटी बंद, मग डिव्हाइस ॲडमिन काढा, मग ॲप अनइन्स्टॉल, मग डाउनलोड्स फोल्डरमधल्या एपीके फाइल्स आणि ज्या चॅटमधून फाइल आली ती चॅटमधली फाइल पण. क्रम उलटा केला तर बटण फिकट मिळतं किंवा आणणारं ॲप मागे राहतं. मग नेहमीसारखं रीस्टार्ट. होम स्क्रीनवरचे विजेट कधी कधी जातात, परत लावून घ्या.

६. अकाउंटचं काम, ॲप निघाल्यानंतर

पासवर्ड बदलायची घाई लोक आधी करतात आणि मालवेअर असलेल्या फोनवरूनच करतात, म्हणजे नवीन पासवर्ड पण त्याच्याच हातात. फोन साफ झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून बदला. आधी मेलचा, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड रीसेट मेलवर येतात, मग बँक, मग बाकीचे. गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये तुमची डिव्हाइसेस दिसतात, अनोळखी असेल तिथून साइन आउट करा. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस बघा.

आणि कॉल फॉरवर्डिंग. *#२१# डायल केलं की तुमचे कॉल कुठे वळवलेत का ते दिसतं, अनोळखी नंबर दिसला तर ##००२# डायल करून सगळं फॉरवर्डिंग बंद होतं. बहुतेक नेटवर्कवर चालतं, नाही चाललं तर सिमच्या कंपनीला सांगा. हे बघायचं कारण असं की काही ठिकाणी ओटीपी फोन करून सांगतात, आणि तुमचा फोन वळवलेला असला तर तो कॉल चोराला जातो. ॲप काढल्याने हे फॉरवर्डिंग निघत नाही, ते नेटवर्कवर असतं.

मोबाइलच्या बिलातून पैसे जात असतील तर सिमच्या कंपनीकडून चालू असलेल्या सगळ्या सबस्क्रिप्शन बंद करून घ्या. जोकर नावाचं मालवेअर गुपचूप असली सबस्क्रिप्शन घ्यायचं. २०१७ पासून त्याची सुमारे १,७०० ॲप्स प्ले स्टोअरवरून हटवल्याचं गूगलने २०२० च्या जानेवारीत सांगितलं होतं. म्हणजे प्ले स्टोअर बाहेरच्यापेक्षा खूप बरं, पण तिथलं आहे म्हणून डोळे मिटून टाकायचं असं नाही.

७. फॅक्टरी रीसेट

वरचं सगळं नीट करून पण त्रास परत आला तरच. रीसेटने त्रास बहुतेक वेळा जातो, पण तयारी न करता केला तर नवीन त्रास होतो.

गूगल अकाउंटचा पासवर्ड माहीत आहे ना ते दुसऱ्या फोनवर लॉगिन करून बघा. रीसेटनंतर फोन जुनंच अकाउंट मागू शकतो, ही चोरीपासूनची सोय आहे, मग पासवर्ड आठवत नसेल तर फोन आतच घेत नाही. फोटो, कॉन्टॅक्ट, चॅटचा बॅकअप घ्या. ऑथेंटिकेटर ॲप (लॉगिनसाठी कोड दाखवणारं) वापरत असाल तर त्यातले कोड दुसरीकडे हलवा, हे विसरलात तर मेल, बँक सगळीकडे अडकाल. मेमरी कार्ड असेल तर बाहेर काढा आणि त्यातल्या एपीके कॉम्प्युटरवर पुसून टाका.

रीसेट झाल्यावर "ॲप्स रिस्टोअर करू का" विचारतं तिथे नाही म्हणा. फोटो, कॉन्टॅक्ट येऊ द्या, ॲप्स एकेक करून प्ले स्टोअरवरून हाताने टाका. कंटाळवाणं आहे, अर्धा दिवस जातो. पण जुनी यादी तशीच परत आणली की जे ॲप नंतरच्या अपडेटमध्ये बिघडलं होतं ते पण परत येतं आणि तुम्ही परत पहिल्या पायरीवर.

पैसे भरून मिळणारी ॲप्स फुकटात देणारी "प्रो", "मॉड" एपीके या वेळी परत टाकू नका. एफएमव्हॉट्सॲप म्हणून व्हॉट्सॲपची बदललेली आवृत्ती होती, २०२१ मध्ये कॅस्परस्की या अँटीव्हायरस कंपनीला तिच्यात ट्रायडा नावाचं ट्रोजन (कामाच्या ॲपमध्ये लपलेलं मालवेअर) सापडलं. वापरणाऱ्याला मेसेज जात होते, थीम बदलत होती, सगळं चालत होतं, म्हणून संशय येत नव्हता.

कुठे थांबायचं

रीसेटनंतर, एकही ॲप टाकलेलं नसताना, जाहिराती किंवा अनोळखी ॲप परत आलं तर घरी काही करू नका. अशा वेळी मालवेअर सिस्टिमच्या भागात असतं, आणि रीसेट तो भाग पुसत नाही. २०१९ मध्ये एक्सहेल्पर नावाचं मालवेअर असंच होतं, सिमँटेक या सिक्युरिटी कंपनीच्या मोजणीत ४५,००० फोनमध्ये सापडलं, लोक रीसेट करायचे आणि ते परत उगवायचं. काही फोनमध्ये तर कारखान्यातून येतानाच सिस्टिममध्ये ट्रायडा होतं हे गूगलने २०१९ मध्ये स्वतः सांगितलंय. याला उपाय म्हणजे कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर परत बसवणं, आणि ते कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्या. व्हिडिओ बघून रूट करणं (सिस्टिमचं कुलूप तोडणं), कुठूनतरी डाउनलोड केलेली सिस्टिमची फाइल फ्लॅश करणं, म्हणजे फोनमध्ये बसवणं, हे करू नका, फोन कायमचा बंद पडतो किंवा त्या फाइलमध्येच दुसरं काहीतरी असतं. फोनला सिक्युरिटी अपडेट येणंच बंद झालं असेल आणि वर हा त्रास असेल, तर त्या फोनवर बँकेचं ॲप ठेवू नका.

ऑफिसचा फोन असेल तर यातलं काहीच न करता त्यांच्या आयटीवाल्यांना द्या, त्यात त्यांची माहिती असते आणि काय गेलं ते त्यांना तपासावं लागतं.

आणि एक वेगळी परिस्थिती आहे ज्यात माझी ही पोस्ट वापरू नका. फोनमध्ये जाहिराती नाहीत, पण तुम्ही कुठे होता, कुणाशी काय बोललात हे जवळच्या एखाद्या माणसाला कळतंय, आणि तुम्हाला त्या माणसाची भीती वाटते. ते पाळत ठेवणारं ॲप असू शकतं, आणि ते काढलं की लावणाऱ्याला लगेच समजू शकतं. आधी तुमचा जीव सुरक्षित करायचा. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून, तुमच्या फोनपासून लांब जाऊन, घरगुती हिंसाचारासाठी मदत करणाऱ्या संस्थेशी किंवा पोलिसांशी बोला आणि ॲप कधी काढायचं ते त्यांच्याबरोबर ठरवा.

आयफोन असेल तर

आयफोनमध्ये असं ॲप घुसणं सहसा होत नाही, त्रास वेगळ्या वाटेने येतो. "आयफोनमध्ये व्हायरस" अशा सूचना कॅलेंडरमधून येत असतील तर कुठलंतरी कॅलेंडर सबस्क्राइब झालंय, कॅलेंडर ॲपमध्ये खाली कॅलेंडर्स दाबा, अनोळखी असेल ते अनसबस्क्राइब करा. सेटिंग्ज, जनरल, व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट इथे अनोळखी प्रोफाइल दिसलं तर काढा, ऑफिसचं किंवा शाळेचं असेल तर आधी त्यांना विचारा. फोन जेलब्रेक केलेला (ॲपलची बंधनं तोडलेला) असेल तर हे लागू नाही, तो सर्व्हिस सेंटरला.

साफ झाल्यावर

पहिले सात-आठ दिवस रोज तीन पानं उघडून बघा, ॲक्सेसिबिलिटी, इन्स्टॉल अननोन ॲप्स आणि प्ले प्रोटेक्ट. एक मिनिट लागतं. यातलं काही आपोआप बदललेलं दिसलं तर आणणारं ॲप अजून आत आहे, सेफ मोडपासून परत सुरू करा. मदत मागायची असेल तर ॲप काढायच्या आधी त्याच्या ॲप इन्फोचा, रीसेंटमधल्या कार्डाचा आणि त्या तीन पानांचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, अँड्रॉइडची आवृत्ती पण लिहा. नुसतं "जाहिराती येतात" सांगितलं तर समोरच्याला काही सांगता येत नाही, या फोटोंवरून मात्र बहुतेक वेळा लगेच कळतं. स्क्रीनशॉटमध्ये तुमचा नंबर, मेल आयडी दिसत असेल तर तेवढं झाकून पाठवा.